बुटाशेजारी काय निघालं

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. चार पानं नुसती आंबोलीच्या टोडची, त्या बेडकाची. पहिला पाऊस पडला की सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, वीतभर डबक्यांत त्यांची लगीनघाई, नरांचा तो पिवळाधमक रंग. आईने मोठ्याने वाचून दाखवलं. या प्राण्याला शास्त्रात नाव मिळालं २००९ साली! आम्ही त्याच घाटातून बेळगावला मावशीकडे जायचो, कुणी खाली वाकून पाहिलं नाही.

आणि मग समासात आडवी ओळ: रात्री बुटाशेजारी फुरसं निघालं, पण काही झालं नाही.

सापाबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. त्यातलं तुला जास्त कळतं.

जाताना तू मला डार्विन ऐकवलास. १८३१ साली बीगल जहाजावरच्या सफरीला त्याच्या वडिलांनीही आधी नकोच म्हटलं होतं, मामाने रदबदली केली तेव्हा हो म्हणाले. आपल्याकडे ते काम नंदूमामाने केलं. मग मीही त्याची पत्रं मिळवून वाचली. बीगलवरून वडिलांना लिहिलेल्या पहिल्याच पत्रात बोट लागून किती हाल झाले ते त्याने हातचं न राखता सांगितलंय. वडील डॉक्टर, तरी लपवलं नाही. तू बेडकाच्या पोटाचा रंग कळवतोस आणि तुला ताप येऊन गेल्याचं आम्हाला मामाकडून कळतं.

रात्री एकटा जाऊ नकोस. उजेड पडला नाही तिथे हात घालू नकोस, दगड उचलताना तर नाहीच. चावलंच तर बांधणं नको, चिरणं नको, पाय हलवू न देता थेट दवाखाना. इथल्या डॉक्टरांना विचारलं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर. झाडावरच्या हिरव्या चापड्यावर ती नाही. तू तर त्याचेही फोटो काढतोस!

पुन्हा सुरू झालो. राग मानू नकोस.

विहिरीतला विरोळा साप शेपटीला धरून तू पायऱ्या चढून आला होतास, चड्डी ओलीचिंब. आक्का झोपाळ्यावरून एवढंच म्हणाली, "त्याला सोड आणि पाय धुऊन ये." मी दुसऱ्या दिवशी विहिरीच्या दाराला कुलूप घातलं. तू कुंपणावरून जायला लागलास.

वाचनालयात तुझा फोटो नेला होता. तो टोड की दगड यावरून जोश्यांशी हुज्जत झाली. शेवटी त्यांनी भिंग मागवलं. "पोरगा तुमचाच का हो?" म्हणाले. मी चहा पाजला सगळ्यांना.

गमबुटांसाठी पैसे पाठवलेत, त्यातून कॅमेऱ्याचं काही घेऊ नकोस. लस कुठल्या दवाखान्यात असते, सड्यावरून तिथवर गाडीने किती वेळ लागतो, रात्री सोबत कोण असतं, हे पत्रात आधी लिही. मग बेडूक, हवे तेवढे.

आई विचारते, तिथल्या पावसात कपडे वाळतात का?

तुझा,
बाबा