लिलावाचा आकडा आणि हातात पडणारा पगार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हॉकी इंडिया लीगसाठी संघमालक बोली लावून खेळाडू घेतात, तो लिलाव झाला की क्रीडा पानावर मोठे मथळे येतात. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख, अभिषेकला ७२ लाख, हार्दिक सिंगला ७० लाख मिळाले. आमच्या खडकीत हे आकडे पोरांना तोंडपाठ आहेत. सात वर्षे बंद पडलेली लीग पुन्हा उभी राहिली, हॉकीपटूच्या नावापुढे लाखांचे आकडे दिसू लागले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच लिलावात मूळ किंमत १० लाख, ५ लाख आणि २ लाख अशी होती आणि कित्येकांवर बोलीच लागली नाही. त्यांच्याविषयी एक ओळही वाचल्याचे मला आठवत नाही. शिवाय डिसेंबरच्या अखेरीस सुरू झालेली लीग १ फेब्रुवारीला संपली. वर्षाचे उरलेले दहा-अकरा महिने खेळाडूचे घर कशावर चालते?

ते चालते नोकरीवर. हॉकीपटूचे खरे कंत्राट म्हणजे त्याची नोकरी. मी स्वतः खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षे होतो आणि कारखान्याच्या हॉकी संघात हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळायचो. तेव्हा पोरगा चांगला खेळला की 'स्पोर्ट्स कोट्यातून लागला' म्हणायचे आणि घरी पेढे वाटायचे. पगार बेताचा, पण फंड होता, दवाखाना होता, राहायला क्वार्टर होते. पाय मोडला तरी हजेरीपुस्तकातले नाव जात नसे.

माझा पुतण्या सव्वीस वर्षांचा आहे. एका मोठ्या संस्थेने त्याला संघात घेतले ते मानधनावर, महिना अठरा हजार, दरवर्षी नूतनीकरण. करारपत्र दीड पानाचे. मी ते चष्मा लावून दोनदा वाचले. 'दुखापत' हा शब्द त्यात एकदाच येतो : दुखापतीमुळे सलग साठ दिवस उपलब्ध नसल्यास करार आपोआप संपुष्टात येईल. गेल्या वर्षी संस्थेसाठीच खेळताना त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. शस्त्रक्रियेसाठी वहिनींनी पाटल्या मोडल्या. एकसष्टाव्या दिवसापासून मानधन बंद झाले, फोन केला तर 'यंदा यादीत नाव नाही' एवढेच उत्तर आले. आज तो भोसरीत पार्सलच्या गोदामात रात्रपाळी करतो. स्वतःची साडेनऊ हजारांची स्टिक त्याने धाकट्या चुलतभावाला दिली, ती देताना नवी ग्रिप बांधून दिली.

ज्या हरमनप्रीतचे ७८ लाख आपण मथळ्यात वाचतो, त्याच्यासह पाच हॉकीपटूंना पंजाब सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलीस उपअधीक्षक केले आणि आणखी काही जणांना राज्य नागरी सेवेत घेतले. लीग उद्या बंद पडली तरी त्यांच्या घरातली चूल पेटती राहील. आपल्या राज्यातही सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून खेळलेल्या हॉकीच्या पोरांपैकी त्यातून किती जण लागले, हे कोणी विचारतच नाही.

याच खडकीत धनराज पिल्ले वाढला. वडील कारखान्याच्या मैदानाची निगा राखायचे आणि पोरे तुटक्या स्टिका घेऊन खेळायची. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक खेळलेला हा माणूस कमाईसाठी ल्योन, स्टुटगार्ट, ढाका, मलेशिया असा क्लब ते क्लब फिरला. १९९८ मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्ण जिंकले आणि त्यानंतर लगेच त्याच्यासह अनेकांना संघाबाहेर बसवले. भत्त्याबद्दल तोंड उघडल्याची ती शिक्षा होती, असे आम्ही त्याच्या गल्लीतले लोक आजही मानतो. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही गत, तर अठरा हजारांच्या पोराने कोणाकडे दाद मागायची?

२०१२ मध्ये पुण्याच्या नावाचा संघ वर्ल्ड सिरीज हॉकीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. ती स्पर्धा एका हंगामातच आटोपली. पुन्हा सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगच्या पहिल्या हंगामातल्या आठ पुरुष संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. आमच्या मुलांनी लिलावाकडे डोळे लावून बसावे, तर त्या लिलावात त्यांच्या घरचा एकही संघ नव्हता.

माझी आपणास विनंती आहे. पुढच्या लिलावाची यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे रकमेबरोबर तो खेळाडू कुठे नोकरीला आहे, कायम आहे की मानधनावर, हेही छापा. बोली न लागलेल्यांचीही नावे द्या. आणि आपल्या वार्ताहरांना एकदा संध्याकाळी पाचनंतर खडकीच्या मैदानावर पाठवा. पोरे सरावाला आलेली असतात. करारपत्रे दाखवा म्हटले तर सॅकमधून काढून दाखवतील.

आपला,
एक निवृत्त कामगार, खडकी, पुणे