अकरा मिनिटं उशीर झाला, खरं...

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात स्पोर्ट्सच्या पानावर टेनिस बॉल क्रिकेटची फायनल, कुस्तीचा आखाडा, शाळेच्या कबड्डी टीमचा फोटो सगळं येतं आणि यावंच, मी सकाळी चहाबरोबर पहिलं तेच पान उघडतो. खरं आमच्यासारखी एक जमात आहे जी कधी कप जिंकत नाही, कुठल्या टीममध्ये नाही, रविवारी पहाटे साडेपाचला हेल्मेट घालून सायकलवर बाहेर पडते आणि गल्लीतली कुत्री मागे लागतात. तिच्याबद्दल कोण लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहूया. पत्र जरा लांबलंय, कापायचं तर कापा, खरं शेवटी ट्रॅक्टरचं लिहिलंय तेवढं कापू नका.

मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो, वय एकोणपन्नास, राहायला वडगावात. चार वर्षांपूर्वी शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला. व्हॅक्सिन डेपोत चालायला जायला लागलो, झाडं झकास आहेत, हवा झकास आहे, खरं एकट्यानं गोल गोल चालून माणूस किती चालणार? पंधरा दिवसांत कंटाळलो. मुलानं हट्ट करून घेतलेली गिअरची सायकल जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळून पडली होती, तो बेंगळूरला नोकरीला गेला आणि सायकल माझ्या गळ्यात. एका रविवारी हवा भरली आणि येळ्ळूरच्या वाटेनं राजहंसगडाकडे निघालो. गडाची चढण गाडीवरून जाताना काहीच वाटत नाही हो, सायकलवर मात्र पहिल्याच वळणाला छाती भात्यासारखी व्हायला लागली. उतरलो आणि सायकल ढकलत चालायला लागलो, इकडं तिकडं बघत, कोणी ओळखीचं बघतंय का म्हणून.

तेवढ्यात मागून एकजण आला, साठीच्या पुढचा, मिशा पांढऱ्या, पायांत साधे कॅनव्हासचे बूट. मराठा लाईट इन्फन्ट्रीतनं रिटायर झालेले सुभेदार, गणेशपूरला राहतात. मला बघून थांबले नाहीत, नुसतं जाता जाता म्हणाले, "उतरायला लाज नाही. खरं पुढच्या रविवारी पुढच्या वळणावर उतरायचं." झालं. पुढच्या रविवारी मी दुसऱ्या वळणावर उतरलो, त्याच्या पुढच्या रविवारीही दुसऱ्याच (तो आठवडा माझा नाईट शिफ्टचा होता, मी सांगून बघितलं, सुभेदारांनी ऐकून घेतलं नाही), आणि अडीच महिन्यांनी न उतरता वर सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत गेलो. वर पोचल्यावर बोलायला श्वासच नव्हता. सुभेदारांनी राजगिऱ्याचा लाडू हातावर ठेवला आणि खाली तोंड करून निघाले पण.

आता आम्ही चौघं आहोत. सुभेदार, मी, बैलहोंगलकडचे एक कन्नड शाळेतले सर आणि हॉस्पिटलमध्ये नर्स असलेल्या एक ताई, ज्या आमच्यात सगळ्यात जोरात चालवतात आणि चढणीवर मागं वळूनही बघत नाहीत. एरवी या चौघांची गाठ कुठं पडली असती सांगा? चाळिशीनंतर आपले मित्र म्हणजे कोण, तर कारखान्यातले, नाहीतर पाहुण्यातले, नाहीतर लग्नात जेवणाच्या पंगतीला भेटून "एकदा बसूया की" म्हणणारे, आणि ते बसणं कधी होत नाही. मी तर समजत होतो की मैत्री व्हायची ती शाळा-कॉलेजातच होते, नंतर नुसत्या ओळखी. सायकलवर वेगळंच झालं. पहिले दोन महिने आम्ही एकमेकांच्या घरात कोण कोण आहे हे विचारलंसुद्धा नव्हतं, खरं कोणाचा गुडघा दुखतो, कोण चढाला आधी दमतं, कोण दमल्यावर चिडतं आणि कोण गप्प होतं हे सगळं पाठ झालं होतं. मी चिडतो. सर गप्प होतात.

सरांना मराठी समजते पण बोलताना अडतात, माझी कन्नड बाजारापुरती. वेंगुर्ला रोडनं बाची ओलांडून महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीला गेलं की रस्त्यावरचे बोर्ड कन्नडचे मराठी होतात, तिथं चहा सांगायची पाळी माझी, इकडं सांगायची पाळी त्यांची. एक नोव्हेंबरला, म्हणजे त्यांच्या राज्योत्सवाला आणि आमच्या काळ्या दिवसाला, आमच्या ग्रुपवर कोण काही टाकत नाही. दोन तारखेला सरांचाच मेसेज येतो, "नाळे राइड इदे?" (उद्या राइड आहे?) आणि आम्ही सगळे अंगठा दाखवतो. यापेक्षा जास्त मला त्या विषयावर लिहायचं नाही.

गेल्या जानेवारीत सुभेदारांनी डोक्यात घातलं की ब्रेव्हे करायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा फ्रान्सकडनं आलेला प्रकार, रेस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं एवढंच. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. मध्ये मध्ये कंट्रोल असतात, तिथं पोचल्याचा पुरावा म्हणून कार्डावर शिक्का किंवा बिल, एटीएमची पावती घ्यायची. मागनं गाडी घेऊन कोणी पाणी द्यायला येऊ शकत नाही, पंक्चर तुमचं तुम्ही काढायचं, फार तर सोबतचा सायकलवाला हात लावेल. या सगळ्याचं पंढरपूर म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, 1891 साली सुरू झालेली, 1200 किलोमीटर नव्वद तासांत आणि चार वर्षांतनं एकदाच. आम्हाला तिकडं जायचं नव्हतं. आम्हाला 200 वाल्यात कागलच्या जरा पुढे जाऊन परत यायचं होतं.

सकाळी सहाला निघालो, काकतीपर्यंत अंधार आणि थंडी, वंटमुरी घाट उतरताना बोटं गारठून ब्रेक धरवत नव्हता. संकेश्वरला हिरण्यकेशीवर धुकं, तिथं उप्पीट आणि चहा. तवंदी घाट चढून निपाणीत उतरलो, कोगनोळीचा टोलनाका मागं टाकला तेव्हा सगळे एवढे खुशीत की ताई चक्क गाणं म्हणत होत्या. बाराला वळलो. आणि वळल्यावर कळलं की जाताना वारा पाठीशी होता म्हणून गाणं सुचत होतं.

परत तवंदी चढलो. संकेश्वर गाठलं आणि अर्धा-पाऊण तासात माझं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, दहा मिनिटात परत बसलं. हायवेवर ट्रकचे टायर फुटून पडलेले असतात ना, त्यातली केसासारखी बारीक तार टायरमध्ये घुसलेली असते, बाहेरनं दिसत नाही, आतनं बोट फिरवलं तरच टोचते, आणि ती काढल्याशिवाय किती ट्यूब बदला उपयोग नाही. मी लेथवर काम करणारा माणूस, बारीक काम करायची सवय, खरं हात थरथरत होते, तार सापडत होती आणि नखातनं निसटत होती. घड्याळ पळत होतं. सुभेदार आणि ताई पुढं गेले होते. सर थांबले होते. मी चिडून म्हटलं, "सर, तुम्ही जावा, तुमचा टाइम जाईल." ते काही बोलले नाहीत, गप्प बसणारा माणूस तो. रस्त्याकडेला मांडी घालून बसले, टायर मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि दातांनी तार धरून ओढली. दातांनी! मग थुंकून म्हणाले, "होगोण, बर्री." म्हणजे चला, जाऊया.

पुढं वंटमुरीच्या चढाखाली बघतो तर सुभेदार आणि ताई हॉटेलबाहेर मिरची भजी खात बसलेले. त्यांना तिथनं आरामात वेळेत पोचता आलं असतं. सुभेदारांनी आमच्यावर जे तोंडसुख घेतलं ते पेपरात छापण्यासारखं नाही.

चौघंही एकदमच पोचलो, 7 वाजून 41 मिनिटांनी. टाइम साडेसातचा. म्हणजे हिशेबात आमचा ब्रेव्हे झालाच नाही, नावापुढे डीएनएफ, म्हणजे 'पूर्ण केलं नाही'. घरी बायकोनं विचारलं, काय मिळालं? मी म्हटलं, काही नाही. मग दोन ताटं जेवलो.

आता ट्रॅक्टरचं. त्या दिवशी शेवटचे पंचवीस किलोमीटर अंधारात काढले, आमच्या चौघांना पुढं पांढरा दिवा, मागं लाल दिवा, अंगात चमकणारं जाकीट, कारण त्याशिवाय ब्रेव्हेला उभंच करत नाहीत. आणि आमच्या पुढं उसानं भरलेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ताई अगदी जवळ गेल्यावर ओरडल्या म्हणून मी वाचलो. आपल्या जिल्ह्यात सायकलचा सीझन आणि गळीताचा हंगाम एकच, पाऊस संपला की दोन्ही सुरू. ट्रॅक्टरवाल्याला दोष देत नाही, तोही दोन-दोन रात्री कारखान्याबाहेर लायनीत झोपलेला असतो. खरं ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टरची पट्टी मारायला खर्च तो किती? कारखान्यांनी गेटवरच मारून सोडावी आणि आरटीओनं हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात बघावं, कोणीतरी मेल्यावर नको. नुसता सायकलवाल्यांचा प्रश्न नाही हा, रात्री शिफ्ट सुटून घरी जाणाऱ्या बाईकवाल्या पोरांचा पण आहे.

आम्ही थंडीत परत 200 ला उभे राहणार आहोत. मी टूलकिटमध्ये बारीक चिमटा घेऊन ठेवलाय, सरांचे दात आता त्या कामाचे राहिले नाहीत असं ते स्वतःच म्हणतात. कोणाला यायचं असेल तर रविवारी साडेपाचला हिंडलग्याच्या गणपतीसमोर थांबतो, शिनोळीपर्यंत जाऊन चहा पिऊन परत. गिअरची सायकल नसली तरी चालते. मागचा लाल दिवा मात्र पाहिजे.

आपला एक वाचक,
वडगाव, बेळगाव