काळजी करू नका, मी फक्त मोजणी बघते

सनीवेल, कॅलिफोर्निया
24 नोव्हेंबर 2024

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी मजेत आहे, तब्येत ठणठणीत. थंडी पडलीय, पण आईने दिलेली शाल पुरते. जेवणाचं, ऑफिसचं नेहमीचंच, ते फोनवर होतंच. हे मुद्दाम लिहितेय, कारण परवा बाबांचा आवाज चढला आणि मला नीट सांगता आलं नाही. छोटी, बाबांना मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे.

बाबा, व्हिसावर असताना निवडणुकीच्या भानगडीत पडू नकोस, हे तुमचं म्हणणं मला कळतं. पण मी मतदान करत नाही, मला तो हक्कच नाही. कुणाला देणगी देत नाही, कुणाचा झेंडा धरत नाही. मतमोजणीनंतर जी तपासणी होते ती बघायला जाते, आणि बघायला इथलं नागरिक असावं लागत नाही. कायद्यानेच ती सगळ्यांसाठी उघडी आहे. कुठे आणि केव्हा होणार याची सूचना किमान पाच दिवस आधी लावावी लागते. दारात वहीत नाव लिहायचं, बिल्ला अडकवायचा, आत जायचं. कुणी विचारत नाही, तू कुठल्या पक्षाची. सॅन होजेच्या निवडणूक कचेरीत, दिवसाउजेडी, चार माणसांत. रात्री-अपरात्रीची काळजी नको.

तुम्ही इतक्या निवडणुकांना ड्युटी केलीत, त्यामुळे मतयंत्राचं कंट्रोल युनिट, मतांच्या हिशेबाचा 17सी फॉर्म, सील हे तुम्हाला सांगायला नको. पण आपल्याकडे सामान्य माणसाला उमेदवाराचा मतमोजणी प्रतिनिधी असल्याशिवाय मोजणीच्या हॉलमध्ये पाय ठेवता येत नाही, म्हणून इथली रीत तुम्हाला विचित्र वाटते. निकाल कळल्यावर परत मोजायचं कशाला, असं तुम्ही म्हणालात ना? नीट सांगते.

इथे मत कागदावर असतं. प्रत्येक मतदाराला मतपत्रिका टपालाने घरी येते, तो नावापुढची खूण पेनाने भरतो आणि पाकिटावर सही करून परत पाठवतो. निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल तर सात दिवसांनी आलेलं पाकीटही धरतात. सह्या जुळवून, पाकिटं फोडून, कागद स्कॅनरमधून काढायला आठवडे जातात. निवडणूक झाली 5 तारखेला, आणि अधिकृत निकालावर सह्या होतील डिसेंबर लागल्यावर. यात काळंबेरं काही नाही, काम तेवढं आहे. त्या मधल्या काळात, यंत्राने बरोबर वाचलं का, हे हाताने मोजून पाहतात. कॅलिफोर्नियात 1965 पासून तसा कायदा आहे. सगळ्यांसमोर 1 टक्का मतदान विभाग लॉटने निवडायचे, आणि एखादी लढत त्या विभागांत आलीच नाही तर तिच्यासाठी एक विभाग वाढवायचा.

एका टेबलावर चौघं बसतात. एक जण कागद हातात धरून नाव मोठ्याने वाचतो, दुसरा त्याच्या खांद्यावरून तोच कागद बघतो. समोरचे दोघे वेगवेगळ्या तक्त्यांवर रेघा ओढतात, चार उभ्या आणि पाचवी तिरकी. पाचवी ओढली की दोघांनी एकदम ‘टॅली’ म्हणायचं. एकाच्या तोंडून आलं आणि दुसरा गप्प राहिला, की कुणाची तरी रेघ चुकलेली असते. मग तिथेच थांबून मागचे कागद पुन्हा. कंटाळवाणं काम आहे, आणि ते इतक्या निगुतीने होताना बघून मला भरून येतं, खरंच सांगते.

बघणाऱ्याने कागदाला हात लावायचा नाही, मोजणाऱ्यांशी बोलायचं नाही. शंका असेल तर त्यासाठी नेमलेल्या कर्मचाऱ्याला विचारायचं. नजर ठेवायची ती अशी: पेटीच्या सीलचा नंबर नोंदवहीतल्या नंबराशी जुळतो का. विभाग निवडण्याआधी त्याचे यंत्राचे आकडे छापून तयार होते का. वाचणारा घाईत ‘कोरा’ म्हणतोय तो कागद खरंच कोरा आहे का. आणि दुसरा माणूस कागदाकडे बघतोय की घड्याळाकडे. दुपारच्या जेवणानंतर हा दुसरा माणूस ढिला पडतो, तेव्हा जास्त लक्ष द्यावं लागतं.

फरक निघतातच. बहुतेक वेळा माणसाचीच मोजणी चुकते, म्हणून आधी हाताची मोजणी परत करतात. तरी फरक राहिला तर कुणी खूण भरण्याऐवजी नावाभोवती गोल केलेला असतो, पेन फिकट उठलेलं असतं, टपालाची घडी नेमकी खुणेवरून गेलेली असते, किंवा एका विभागाचा कागद दुसऱ्याच्या गठ्ठ्यात शिरलेला असतो. कारण सापडलं म्हणून आकडा गुपचूप दुरुस्त करून चालत नाही. प्रत्येक फरक आणि तो कसा सुटला, हे अंतिम निकालासोबतच्या अहवालात लिहावं लागतं. 2020 मध्ये जॉर्जियाने सुमारे 50 लाख मतपत्रिका हाताने मोजल्या, तेव्हा फ्लॉइड काउंटीत जवळजवळ 2,600 कागद स्कॅनच झाले नव्हते असं उघड झालं. निकाल बदलला नाही, पण त्या माणसांची मतं मोजली गेली. बाबा, तपासणी करायची ती याच्यासाठी.

आणि याच मार्चमध्ये इथल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, 16व्या मतदारसंघात प्राथमिक फेरीत दुसऱ्या जागेवरच्या दोघांना 30,249 अशी अगदी समान मतं पडली. फेरमोजणीत एक जण 5 मतांनी पुढे निघाला आणि दुसरा नोव्हेंबरच्या लढतीतून बाहेर गेला. कागद होते म्हणून हे करता आलं.

1 टक्क्याची पद्धत मला मात्र अपुरी वाटते. आघाडी 40 टक्के असो की अर्धा टक्का, तपासायचं तेवढंच. कोलोरॅडोने 2017 पासून राज्यभर त्याहून चांगली पद्धत घेतलीय. बर्कली विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी ती 2008 मध्ये मांडली. तिच्यात आघाडी जितकी कमी, तितके जास्त कागद बघायचे. चुकीचा निकाल तपासणीतून निसटण्याची शक्यता 3 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं, तर एकूण कागदांच्या 10 टक्के आघाडी असताना 73 च्या आसपास कागद पुरतात. आघाडी 1 टक्का असेल तर सुमारे 730 लागतात, तेही चूक न सापडल्यास. सापडली तर आणखी काढायचे. यंत्राने प्रत्येक कागद कसा वाचला त्याची फाइल जिल्ह्यांनी आधी राज्याकडे जमा करायची, आणि मगच डेन्व्हरला सगळ्यांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून 20 आकडी संख्या काढायची. त्या संख्येवरून ठरतं, अमुक पेटी, अमुक गठ्ठा, वरून कितवा कागद. हा क्रम उलटला तर तपासणीला अर्थ नाही, कारण कुठले कागद बघणार ते आधीच कळेल.

आपल्याकडेही प्रत्येक विधानसभा मतदारसंघात लॉटने 5 केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्रातून पडणाऱ्या कागदी चिठ्ठ्या, मोजतात. महाराष्ट्रातल्या 288 मतदारसंघांची 1440 केंद्रं. आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा धरतात, हे चांगलंच आहे. पण 200 मतांनी निकाल लागला तरी 5, आणि लाखाने लागला तरी 5. काकांच्या गावातले लोक विधानसभेच्या कालच्या निकालावर नाराज आहेत म्हणालात, तर त्यांना सांगा की पारावर बोलून काही होत नाही. सुप्रीम कोर्टाच्या एप्रिलच्या निकालाप्रमाणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर 7 दिवसांत 5 टक्के यंत्रांच्या तपासणीसाठी अर्ज करता येतो. खर्च त्याचा; गडबड निघाली तर पैसे परत. मुदत थोडी आहे.

आता घरचं. छोटीच्या लग्नाच्या कार्यालयाचा ॲडव्हान्स आणि केटररचे पैसे मी पाठवते, बाबांनी एफडी मोडायची नाही, हे पक्कं. सुट्टी मंजूर झाली, पण मुंबईत व्हिसाच्या स्टॅम्पिंगची तारीख मिळेल तसंच तिकीट काढावं लागेल. हळदीला पोचेनच असं आज छातीठोकपणे सांगत नाही, लग्नाला मात्र नक्की. दिवाळीलाही नव्हते, हे आई बोलत नाहीस म्हणून मला कळत नाही असं नाही. छोटीचा फराळाचा डबा पोचला, चकल्या मोडल्या होत्या, तरी सगळ्या संपवल्या. थोरलीच्या आधी धाकटीचं, असं कुणी म्हणालं तर माझं नाव सांग, मीच हट्ट केला म्हणावं. पुण्याच्या त्या मुलाशी एकदा बोलेन, शब्द देते, पण छोटीचं पार पडल्यावर.

बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये. सगळ्यांना नमस्कार.

तुमची,
ताई

ता. क. पैसे बुधवारपर्यंत खात्यात दिसतील. कार्यालयाची पावती छोटीच्या नावाने घ्या, आणि तिचा फोटो काढून मला पाठवा.