वरची लय सोड, खालची धर

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार.

मी पाठवलेला ड्रम अँड बेसचा ट्रॅक तू सव्वा मिनिटात बंद केलास आणि वर विचारलंस, "एवढी कुठं आग लागलीय?" राग नाही आला. पण तू नेमका कुठं उठून गेलास ते सांगतो. या ट्रॅकांची प्रस्तावना बऱ्याचदा चार-चार ठोक्यांच्या 64 आवर्तनांची असते, कारण डीजेला आधीच्या रेकॉर्डमधून या रेकॉर्डमध्ये शिरायला ऐसपैस जागा लागते. मिनिटाला 174 ठोक्यांच्या वेगानं ही 64 आवर्तनं 88 सेकंदांत संपतात आणि मग बेस येतो. त्या क्षणाला ड्रॉप म्हणतात. म्हणजे आणखी तेरा सेकंद तू कळ काढली असतीस, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. आता वाच.

तुझी तक्रार वेगाबद्दल आहे आणि ती रास्तही आहे. 174 हा चालणाऱ्या माणसाच्या पायांचा वेग नव्हे. पण तू तबला शिकलायस, तेव्हा तुला हे चटकन कळेल: वरचे ड्रम 174 नं जातात, तर खालचा बेस बहुतेक वेळा त्याच्या निम्म्यानं, 87 नं चालतो. ठाय आणि दुगुन एकाच वेळी सुरू असतात आणि ऐकणाऱ्यानं कुठली धरायची हे त्यानंच ठरवायचं. तू दुगुन धरलीस आणि तुला धाप लागली. या संगीतावर नाचणारी माणसं नीट बघ. त्यांची मान आणि खांदे 87 वर डुलत असतात. ड्रम त्यांच्या डोक्यावरून जात असतात, आणि तसेच जाऊ द्यायचे असतात.

हे दोन वेग एकत्र आले कसे, ते कळलं की अर्धं ड्रम अँड बेस कळलं. नव्वदीच्या सुरुवातीचं लंडन. रेव्ह म्हणजे रात्रभर नाचायच्या पार्ट्यांचं पेव फुटलेलं, आणि तिथं वाजणारं हार्डकोअर नावाचं नृत्यसंगीत दर काही महिन्यांनी आणखी वेग घेत 160 च्या पुढं चाललेलं. त्याच शहरात जमैकातून आलेल्या कुटुंबांची इंग्लंडात वाढलेली मुलं होती. घरात जमैकाचं रेगे संगीत, गल्लीत माणसाएवढ्या स्पीकरांच्या साउंड सिस्टिम. रेगेची चाल साधारण 80 ची. म्हणजे रेव्हच्या बरोबर निम्मी! रेगेचा संथ, पोट हलवणारा बेस त्या धावत्या ड्रमखाली सरकवला, तर तो जागच्या जागी बसतो. कुणा एकाला हे एका रात्रीत सुचलं असं नाही, अनेकांच्या हातून ते थोड्याफार फरकानं एकाच काळात घडलं. आधी त्याला जंगल म्हणत, मग ड्रम अँड बेस हे नाव रुळलं. दोन्हींत फरक काय यावर चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. तू त्यात पडू नकोस.

आता ड्रमकडे. इथं मात्र मी जरा रेंगाळणार आहे.

1969 साली विन्स्टन्स नावाच्या अमेरिकन सोल बँडनं एक रेकॉर्ड काढली. पुढच्या बाजूचं गाणं गाजलं. मागच्या बाजूला 'अमेन, ब्रदर' नावाची एक वाद्यरचना होती, जवळजवळ भरतीची. तिच्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमर चार आवर्तनं एकटा वाजवतो. सगळे मिळून सात सेकंद. पहिली दोन आवर्तनं सरळ. तिसऱ्यात तो स्नेअरचा, म्हणजे करकरीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा, एक ठोका मुद्दाम उशिरा टाकतो. चौथ्यात पहिली मात्राच रिकामी सोडतो. सम खाली! तिथं पाऊल टाकायला जावं तर जमीनच नाही. मग आडवेतिडवे काही ठोके आणि अपेक्षेच्या आधीच कोसळणारी झांज. बस्स, एवढंच. या सात सेकंदांवर एक अख्खा संगीतप्रकार उभा आहे म्हटलं, तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

लंडनच्या पोरांनी हा तुकडा अकाईच्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, घेतला, वेग वाढवला आणि मग चिरला. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) वेगळी, स्नेअर वेगळा, झांज वेगळी, प्रत्येक ठोक्याचा स्वतंत्र काप. ते काप अटारीच्या कॉम्प्युटरवर नव्या क्रमानं लावायचे. कोलमननं कधीच वाजवलं नसतं, आणि कुणाच्याही हातांना वाजवता आलं नसतं, असं त्याच्याच ठोक्यांतून वाजवून घ्यायचं. ऐकताना लक्ष दे: स्नेअरचा एकच ठोका अनेकदा लागोपाठ येतो आणि दर वेळी स्वर थोडा खाली घसरतो. किंवा उलटं. 1992 च्या 'टर्मिनेटर' या ट्रॅकमध्ये गोल्डी या निर्मात्यानं अशी करामत केली की ड्रमचा स्वर वर चढत जातो आणि लय तसूभरही हलत नाही. टेपचा वेग वाढवला की स्वर आणि लय दोन्ही चढायची, ही कानांची सवय. ती मोडली की पोटात खड्डा पडतो. मला अजूनही पडतो.

कोलमनला या सगळ्यातून एक पैसाही मिळाला नाही. 2006 मध्ये तो अटलांटात गेला, तेव्हा त्याला राहायला घरही नव्हतं. हजारो रेकॉर्डवर आपले हात वाजताहेत हे त्याला कधी कळलं असेल, असं वाटत नाही. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर, त्याच्यासाठी चाहत्यांनी 2015 मध्ये वर्गणी काढून 24,000 पौंड गोळा केले. चाहत्यांचं कौतुक आहेच, पण हिशोब त्यानं मिटत नाही.

साधा ठेका हवा असेल तर तो असा. चार मात्रा धर. पहिलीवर किक, दुसरीवर स्नेअर, तिसरी मोकळी, तिच्यापुढं अर्ध्या मात्रेवर किक, चौथीवर पुन्हा स्नेअर. ती तिसरीनंतर उशिरा येणारी किक, तिथंच सगळा झोल आहे. ती बरोबर तिसरीवर आणून ठेवली तर कवायत होते.

बेसबद्दल एक तांत्रिक गोष्ट. फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नकोस, आणि तू ट्रॅक फोनवरच ऐकला असणार याची मला खात्री आहे. बेसचा गाभा 50 हर्ट्झच्या आसपास असतो. तो इवलासा पडदा तिथवर पोचतच नाही. तुला नुसते ड्रम ऐकू आले, म्हणजे निम्मं नाव ऐकलंस! चांगले हेडफोन लाव. मग एक गुरगुरणारा, सतत आत बाहेर होणारा आवाज सापडेल, त्याला रीस बेस म्हणतात. डेट्रॉइटच्या केविन सॉन्डरसननं रीस या नावानं 1988 मध्ये काढलेल्या रेकॉर्डवरून तो आला. युक्ती सोपी आहे: एकच स्वर दोनदा, पण दोन्हींत किंचित फरक ठेवलेला. तंबोऱ्याची जोड नीट मिळालेली नसली की त्या दोन तारांमध्ये लाटा उठतात, तेच हे. आपण त्या लाटा घालवायला खुंट्या पिळतो, यांनी त्यांचंच वाद्य केलं.

ही मंडळी रेडिओवर कुठं होती? अधिकृत रेडिओवर फारशी नाहीच. उंच इमारतींच्या गच्चीवर चोरून अँटेना लावायचे आणि विनापरवाना स्टेशन चालवायचे. कूल एफएम त्यांतलं नावाजलेलं, 1991 पासूनचं. 1994 च्या कायद्यानं तर उघड्यावरच्या रेव्ह बंद पाडायचे अधिकार पोलिसांना दिले आणि त्यात संगीताची व्याख्या करताना 'पुन्हा पुन्हा येणारे ठोके' असे शब्द घातले. कोलमनची चौथ्या आवर्तनातली रिकामी सम त्या खासदारांनी ऐकली नसावी.

ताजा ट्रॅक पेठेत यायच्या आधी त्याची एकच प्रत लॅकरच्या तबकडीवर कापून घ्यायची आणि डीजेनं ती वाजवायची, हीदेखील जमैकाचीच रीत. तिला डबप्लेट म्हणतात. ती मऊ असते, प्रत्येक वेळी सुईखाली थोडी झिजते. लोकांनी आरडाओरडा केला तर डीजे ट्रॅक तिथंच थांबवतो, उलटा फिरवतो आणि पहिल्यापासून लावतो. आपल्याकडच्या वन्समोअरची आठवण होईल तुला, फक्त इथं तो पहिल्या अर्ध्या मिनिटातच मिळतो.

आता ऐकायचं काय. गोल्डीचा 'टाइमलेस' हा अल्बम, 1995. त्यातला नावाचा ट्रॅक 21 मिनिटांचा आहे, डायन शार्लमेनचा आवाज आहे. घाई असेल त्या दिवशी लावू नकोस. मग ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि रेप्रेझेंटचा 'न्यू फॉर्म्स'. 1997 चं मर्क्युरी हे ब्रिटनमधलं अल्बमचं मानाचं पारितोषिक याला मिळालं, तेही रेडिओहेड आणि स्पाइस गर्ल्स दोघंही शर्यतीत असताना. यात खराखुरा डबल बेस वाजतो आणि मैफिलीत क्लाइव्ह डीमर हा हाडामांसाचा ड्रमर तो वेग पेलायचा. (हाच पुढं रेडिओहेडच्या दौऱ्यांत दुसरा ड्रमर म्हणून वाजवू लागला.) रात्री उशिरा एलटीजे बुकेम: वर तरंगते सूर, खाली तेच चिरलेले ड्रम. तुला सगळ्यात आधी तोच पटेल असा माझा अंदाज आहे. फोटेक त्याच्या नंतर, कारण त्याचे ड्रम इतके काटेकोर असतात की पहिल्यांदा कोरडे वाटतात. केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोघी डीजेंनी गोल्डीला या जगात आणलं आणि त्याच्याबरोबर मेटलहेड्झ हे लेबल उभं केलं. 1999 चा त्यांचा 'डीजे-किक्स' मिक्स सलग ऐक, एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाणं म्हणजे काय ते कळेल. त्याच वर्षी केमिस्ट्री रस्त्यावरच्या अपघातात गेली.

तल्विन सिंगचं नाव तू काढशीलच, तबल्यामुळं. लंडनच्या ब्लू नोट क्लबात रविवारी मेटलहेड्झची रात्र असायची आणि सोमवारी त्याची 'अनोखा' नावाची. जरूर ऐक, पण सुरुवात त्यानं नको. तबला कानावर पडला की तू बाकी सगळं ऐकणं सोडून देशील.

2000 नंतरचं पुढच्या पत्रात. त्यात मला नावडणारंही बरंच आहे.

एक काम मात्र कर. 'अमेन, ब्रदर' लाव, 1 मिनिट 26 सेकंदांपाशी तो तुकडा येतो. चारही आवर्तनं तबल्याच्या बोलांत लिहून पाठव. मी प्रयत्न करतोय, पण तिसऱ्यातल्या त्या उशिरा येणाऱ्या स्नेअरला कुठला बोल द्यावा ते ठरत नाही. 'ना' फार टोकदार होतो आणि 'तिं' फार गोड.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनिल