विषय: गिटारच्या डाय-किटमधल्या छोट्या बाटलीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आज सकाळी तुमच्या कस्टमर केअरशी माझं पाचवं बोलणं झालं. सहावं होणार नाही, म्हणून हे पत्र. किटमध्ये काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. मोठ्या बाटलीत निळा स्पिरिट डाय, म्हणजे स्पिरिटमध्ये कालवलेला लाकडाचा रंग; छोटीत बाइंडिंगला, म्हणजे गिटारच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीला, तो रंग लागू नये म्हणून आधी लावायचा द्रव. दोन्ही तुम्हीच भरता आणि एकाच खोक्यात घालता.

पत्रकात होतं तसंच केलं. गिटारच्या मेपल लाकडाच्या टॉपवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला, क्रीम बाइंडिंगवर बारीक ब्रशने छोट्या बाटलीचे दोन हात दिले, रात्रभर वाळू दिलं. भुसावळचा मे महिना. दुपारी स्पिरिट बोळ्यावरच उडतं, म्हणून पहाटे साडेपाचला उठून डायला बसलो. पहिला हात झकास बसला. दुसरा कडेपर्यंत नेला आणि बोळा चिकटायला लागला. तुमचं संरक्षण डायमध्ये कालवलं जाऊन निळ्या शेंबडासारखं बाइंडिंगवर पसरत होतं. पुसलं, तर खाली प्लॅस्टिकवरच्या बारीक ओरखड्यांत निळं मुरलेलं. आमच्याकडे केळीच्या चिकाचा डाग शर्टासोबतच जातो म्हणतात, हा त्याचाच भाऊ.

शेजारचे मिस्त्री नाना चहाला आले होते. त्यांनी छोटी बाटली नाकाला लावली आणि म्हणाले, "चपडा शे हाऊ. चपडा ते स्पिरिटमाच इरघयस ना भाऊ!" चपडा म्हणजे पॉलिशची लाख, आणि ती स्पिरिटमध्येच विरघळते. चाळीस वर्षं कपाटं पॉलिश करणाऱ्या माणसाला वासावरून कळलं. पॉलिशचा नवा हात आधीच्या हातात मिसळतो तो याच कारणाने. चपड्याचा थर पाण्यातल्या डायला अडवेल, स्पिरिटच्या डायला कसा अडवेल? आणि तुम्ही दिलाय स्पिरिटचा डाय. छत्री मिठाची करून पावसात उभं करण्यातला प्रकार आहे हा.

आता आजचं बोलणं. शब्द न् शब्द देतोय, कारण तुम्ही कॉल रेकॉर्ड करता असं दर वेळी ऐकवता.

"सर, बाइंडिंग म्हणजे पुस्तकाचं का?"

गिटारचं, म्हटलं. बॉडीच्या कडेने फिरणारी प्लॅस्टिकची पट्टी. तुमच्याच खोक्यावर तिचा फोटो आहे.

"ओके सर. पण डाय लाकडासाठी आहे, आपण प्लॅस्टिकला का लावला?"

मी लावला नाही हो, गेला! तो जाऊ नये म्हणूनच तर तुमची छोटी बाटली! मग चार मिनिटं तुमची बासरी ऐकली. परत येऊन बाई म्हणाल्या, "सर, टेक्निकल टीम सांगते, पूर्ण बाइंडिंगच निळी करून घ्या. मॅचिंग होईल."

मॅचिंग! ही काय लग्नातली ओढणी आहे?

त्या बाईंवर राग नाही, त्यांना जे सांगितलं ते त्या बोलल्या. पण ही टेक्निकल टीम कोण, ते मला पाहायचंय. तिसऱ्या कॉलला याच टीमने थिनरने पुसायला सांगितलं होतं. नशीब, मी आधी बाइंडिंगच्या उरलेल्या तुकड्यावर पुसून पाहिलं. ए.बी.एस. प्लॅस्टिक आहे ते. थिनरने असं बुळबुळीत झालं की बोटाचा ठसा उमटला. गिटारवर लावलं असतं तर तुम्ही काय सुचवलं असतं, तेही मॅचिंग करा?

शेवटी जुन्याच वाटेने गेलो. ब्लेड उभं धरून पट्टी इंच-इंच खरवडली, दोन संध्याकाळी. बाकी निघालं, मानेजवळच्या खाचेत मात्र ब्लेड निसटलं आणि मेपलवर पांढरी रेघ उठली. डाय झाल्यावर पट्टी खरवडून घ्या, नाहीतर कडेला गाडीच्या पट्ट्यांची व्हिनाइल टेप नखाने दाबून बसवा, एवढं पत्रकात छापलं असतं तरी पुरे होतं. पण मग छोटी बाटली विकता आली नसती, नाही का?

वाईट याचं वाटतं की तुमचा डाय चांगला आहे. ऑर्केस्ट्रातल्या दोन पोरांना मीच घ्यायला लावला होता. आता ती दोघं मला 'मॅचिंग' म्हणून हाक मारतात.

किटचे २,८५० रुपये परत हवेत, आणि खोक्यावरची 'कोणत्याही डायसाठी' ही ओळ काढा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फीही नाही, त्यामुळे मला फक्त रेल्वेचं तिकीट पडेल.

छोट्या बाटलीत तळाला बोटभर द्रव उरलाय. झाकण घट्ट लावून ठेवलाय. आयोगापुढे काचेवर त्याचा एक हात देईन, वाळवेन आणि वर तुमच्याच डायचा एक थेंब टाकेन.

आपला (सध्या तरी) ग्राहक,
भुसावळ