बार्शीच्या घराबद्दल

सोलापूर, मंगळवार

प्रिय पक्या,

बार्शीचं ते घर बघून आलो बे. एजंट म्हणतो तसं ‘एकदम नवं’ काही नाही, पण फोटोपेक्षा बरं निघालं. भगवंत मंदिरापासून चालत जाण्याइतकं जवळ, चारही बाजूंनी मोकळं, कुणाच्या भिंतीला भिंत नाही. जुन्या गावात असं मिळणं अवघडच. पुढं ओसरी, मागं परस. परसातला आड मात्र बुजवून टाकलाय.

पूर्वी माळवद होतं. तुळयांवर हातभर पांढरी माती. ते सगळं उतरवून स्लॅब टाकलाय. पावसाळ्याआधी माती टाकायची कटकट गेली, गळणं गेलं. पण माळवदाखाली मे महिन्यातही दुपारची झोप लागायची. स्लॅबखाली मध्यरात्रीपर्यंत पंखा गरम वाराच फेकतो, आणि आपल्याकडं पारा 42-43 ला सहज जातो. वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांचा थर, करावाच लागेल, तो खर्च किमतीतून वळता कर. शहाबादी फरशी उखडून चकचकीत टाइल्स घातल्यात. मला वाईट वाटलं, वहिनींना आवडतील बहुतेक.

खरी गोष्ट मागच्या खोलीत आहे. तिथल्या दगडी भिंतीला कमरेपर्यंत पीव्हीसीचे पॅनल ठोकलेत. ‘शोभेला’ म्हणे! एक कोपरा सुटलेला होता, आत बोट घातलं तर ओला पोपडा हातात आला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, न्हाणी तिथंच होती. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते. तो खरवडून चुन्याचा करायचा आणि सांडपाणी भिंतीपासून लांब काढायचं. घर नाकारावं असं हे दुखणं नाही.

कागदांचं मात्र ऐक. प्रॉपर्टी कार्डावर मालक एकटाच आहे, आणि त्याला बहिणी आहेत. मृत्युपत्र नसेल तर वडिलांनी स्वतः घेतलेल्या घरात 1956 पासून मुलींचा वाटा मुलाइतकाच, वडिलोपार्जितात 2005 पासून. तो म्हणतो, ‘त्यांचं काही म्हणणं नाही.’ नसेल तर बरंच, मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देतील. ते हातात आल्याशिवाय इसाराचा एक रुपया देऊ नको, मग एजंट कितीही ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणू दे. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्टही घे, म्हणजे घराचे जुने व्यवहार आणि बोजे तपासून होतील. आणि खरेदी एकट्या वहिनींच्या नावानं केलीस तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे.

माझं मत विचारशील तर घे. भिंती जाड आहेत, ओसरी ऐसपैस आहे, आणि पुण्यात तेवढ्या पैशात तुला पार्किंगवरून भांडणारे शेजारीच मिळतील.

रविवारी ये. कुर्डुवाडीला उतर, मी गाडी घेऊन येतो, तिथनं बार्शी जवळच. भिंत तू डोळ्यांनी बघ. किमतीचं मात्र मला बोलू दे. तू चहा पिता पिताच हो म्हणून मोकळा होतोस.

तुझा,
सुन्या