शाखांची संथ यंत्रणा : आधी मोजणी, मग खरेदी

महोदय,

काही सहकारी बँका आणि पतसंस्थांनी तालुक्याच्या शाखांमधील संगणक काढून तेथे थिन क्लायंट, म्हणजे स्वतः काम न करता सर्व्हरला केवळ पडदा आणि कळफलक जोडणारी छोटी यंत्रे, बसवले आहेत. सर्व काम मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर चालते आणि शाखेच्या पडद्यावर व्हीपीएनमार्गे (इंटरनेटवरील सुरक्षित खासगी वाटेने) त्याचे चित्र तेवढे येते. सुरक्षा आणि देखभाल या दोन्ही दृष्टींनी ही रचना योग्यच आहे. परंतु काउंटरवर खाते क्रमांकाचे आकडे अडखळत उमटू लागले, की जास्त एमबीपीएसचे, म्हणजे जास्त क्षमतेचे, कनेक्शन घ्यायचे किंवा थिन क्लायंटच बदलायचे, या दोनच उपायांवर चर्चा होते. शाखांच्या नेटवर्कची देखभाल करताना माझा अनुभव असा आहे, की हा खर्च होऊनही बहुतेक वेळा तक्रार कायम राहते.

दाबलेली प्रत्येक कळ सर्व्हरपर्यंत जाऊन तिचा परिणाम परत यावा लागतो. त्यामुळे लाइनच्या क्षमतेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व या ये-जा करण्याला लागणाऱ्या वेळेला आहे. ४० मिलिसेकंद जाणवत नाहीत; २०० झाले की काम करणारा वैतागतो. व्हीसॅटवरील (उपग्रहाद्वारे जोडलेल्या) शाखेत उपग्रहच सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्याने ही ये-जा अर्ध्या सेकंदाच्या घरात जाते, आणि कनेक्शनची क्षमता वाढवून ती कमी होत नाही.

सर्वांत फसवा दोष पॅकेटच्या, म्हणजे माहिती ज्या गठ्ठ्यांतून जाते त्यांच्या, आकाराचा असतो. इथरनेटवर (कार्यालयातील नेहमीच्या तारांच्या नेटवर्कवर) पॅकेट सहसा जास्तीत जास्त १५०० बाइटचे असते. व्हीपीएनचे एन्क्रिप्शन त्यातली जागा घेते आणि प्रत्यक्षात १४०० च्या आसपास बाइट उरतात. त्याहून मोठे पॅकेट आले, तर 'आकार कमी करा' असा निरोप पाठवणाऱ्याला मिळायला हवा, पण सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर आयसीएमपी (असे निरोप नेणारी यंत्रणा) सरसकट बंद केलेले असेल तर तो पोहोचतच नाही. मग लॉगिन नीट होते, छोट्या नोंदीही जातात आणि वर्षभराचा खातेउतारा उघडताच पडदा गोठतो. पिंग, म्हणजे उत्तर मागणारे चाचणीचे पॅकेट, हेही आयसीएमपीच असल्याने चाचणीपुरती त्याला वाट मोकळी करावी. शाखेतल्या लॅपटॉपवरून सर्व्हरला, पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई करून, १४७२ बाइटपासून (२८ बाइटची शीर्षके धरून १५००) खाली उतरत पिंग केले, तर कोणत्या आकाराला उत्तर येऊ लागते ते काही मिनिटांत कळते. त्यानुसार राउटरवर टीसीपीचा (माहिती पोचपावती घेऊन पाठवण्याच्या पद्धतीचा) एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधील माहितीचा कमाल आकार, साधारणपणे १३६० बाइट किंवा त्याखाली, बांधून द्यावा लागतो. या उपायाला एक रुपयाही लागत नाही.

पिंगनेच ये-जा करण्याच्या वेळेची मोजणी शाखा उघडण्यापूर्वी आणि ऐन गर्दीत, अशी दोनदा करावी. केवायसीची स्कॅन केलेली कागदपत्रे किंवा सीसीटीव्हीचे चित्रण त्याच लाइनवरून वर जात असेल, तर राउटरमध्ये रांग लागते आणि सकाळी उत्तम दिसणारा वेळ दुपारी कित्येक पटींनी वाढतो. अशा ठिकाणी थिन क्लायंटच्या वाहतुकीला अग्रक्रम द्यावा आणि अपलोडवर मर्यादा घालावी. व्हीपीएन टीसीपीवर चालत असेल तर शक्य तेथे ते यूडीपीवर, म्हणजे पोचपावतीची वाट न पाहणाऱ्या पद्धतीवर, न्यावे. एकात एक दोन टीसीपी चालले, की हरवलेल्या एका पॅकेटसाठी दोन्ही थर थांबून राहतात.

संचालक मंडळांना माझी विनंती आहे, की सेवा पुरवठादाराशी करार करताना केवळ एमबीपीएस न पाहता शाखा ते सर्व्हर ये-जा करण्याचा कमाल वेळ, त्यातील चढउतार आणि पॅकेट हरवण्याचे प्रमाण लेखी मागावे, आणि नव्या खरेदीच्या प्रस्तावासोबत या मोजणीचा तक्ता जोडण्याची अट घालावी.

– एक नेटवर्क व्यवस्थापक, सातारा